को-अॅक्शियल मॉनिटर, नोंद चौथी: गादी आणि खुर्ची

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरात गेले वर्षभर एक कोडे मला छळत होते. गादीवर बसून हार्मोनियम मुद्रित करायची आणि तिथेच ऐकून पाहायची, तर स्वर मऊ वाटत. गादी सारून त्याच जागी खुर्चीवर मिक्सिंगला बसलो, की तेच स्वर चिरके लागत. वाशीच्या एका मित्राने आपली को-अॅक्शियल मॉनिटरची, म्हणजे वरचे आणि खालचे स्वर एकाच केंद्रातून सोडणाऱ्या स्टुडिओ स्पीकरची जोडी तीन आठवड्यांसाठी दिली, तेव्हा पहिली मोजणी मी याचीच केली.

माझ्या साध्या टू-वे मॉनिटरमध्ये दोन ड्रायव्हर आहेत: वरच्या स्वरांचा ट्वीटर आणि खालच्या स्वरांचा वूफर. त्यांच्या केंद्रांत १७ सेंटीमीटर अंतर आहे आणि क्रॉसओव्हर, म्हणजे जिथे एकाचे काम दुसऱ्याकडे जाते ती कंप्रता, २ किलोहर्ट्झला आहे, जिथे ध्वनीची तरंगलांबीही सुमारे १७ सेंटीमीटरच भरते. मी ८० सेंटीमीटरवरून ऐकतो. खुर्चीवर कान दोन्ही ड्रायव्हरच्या मधोमध येतात. गादीवर ते ४५ सेंटीमीटर खाली जातात, आणि मग दोन्हीकडून येणाऱ्या ध्वनीच्या वाटेत ८.३ सेंटीमीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तरंगाचा फरक पडून ते एकमेकांना खोडतात. रूम ईक्यू विझार्ड या ध्वनी मोजण्याच्या सॉफ्टवेअरच्या आलेखात तिथे ११ डेसिबलचा खड्डा दिसला. मऊपणा हार्मोनियमचा नव्हता, खड्ड्याचा होता! को-अॅक्शियलमध्ये ट्वीटर वूफरच्या मध्यभागीच बसवलेला असल्यामुळे गादीवरून वरचे स्वर थोडे उतरले, पण खड्डा पडला नाही.

ही कल्पना जुनी आहे. टॅनॉय कंपनीचा ड्युअल कॉन्सेंट्रिक १९४७ चा, तर केईएफ कंपनीचा युनि-क्यू १९८८ चा. तिच्यातील अडचणही तितकीच जुनी: वूफरचा शंकू ट्वीटरला कर्ण्यासारखा उपयोगी पडतो खरा, परंतु डग्ग्याच्या घुमाऱ्याला तो पुढेमागे हलू लागला, की वरचे स्वर हलत्या भिंतींमधून बाहेर पडतात. मोठ्या आवाजात तबल्याच्या चाटीवर मला किंचित धूसरपणा जाणवला. अर्थात कान पूर्वग्रहाने ऐकत असतील, हेही शक्य आहे. जेनेलेक कंपनीच्या ८३५१ सारख्या, स्वर तीन भागांत वाटणाऱ्या थ्री-वे रचनेत खालच्या स्वरांसाठी वेगळे वूफर असतात, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते, पण किंमत आणखी चढते.

मित्राची जोडी माझ्या जोडीच्या अडीचपट किमतीची आहे. एवढ्या पैशांत खर्जाचे काय झाले, तर काहीच नाही. खोलीची लांबी ३.४ मीटर असल्याने सुमारे ५० हर्ट्झला जी लहर भिंतींमध्ये उभी राहते, ती कोणता स्पीकर वाजतो आहे हे विचारत नाही. खोलीच्या मध्यावर बसलो की दोन्ही जोड्यांचा घुमारा सारखाच नाहीसा होत असे. बसण्याची जागा समोरच्या भिंतीपासून १.७ ऐवजी १.३ मीटरवर आणल्यावर तो बऱ्यापैकी परतला, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

म्हणून माझे मत असे, की एक मीटरच्या आतून ऐकणारे दोघे-तिघे वेगवेगळ्या उंचीवर बसत असतील, किंवा जागेअभावी मॉनिटर आडवे ठेवावे लागत असतील, तर को-अॅक्शियलची किंमत वसूल होते. एकट्याने, एकाच उंचीवरून ऐकणाऱ्याने ते पैसे आधी खोलीवर घालावेत. जोडी मी रविवारी परत केली, माझ्या मॉनिटरचे स्टँड ४५ सेंटीमीटरने खाली घेतले, आणि आता मिक्सिंगही गादीवर बसूनच करतो. गुडघ्यांच्या तक्रारीची नोंद पुढच्या वेळी.