रिग्जच्या बायकोला कोणी मारलं?

दोन पोलीस, एक संसारी आणि एक डोक्यावर पडलेला. ही जोडी हॉलिवूडने इतकी वापरली आहे की पोस्टर बघूनच कोण कोणावर खेकसणार ते कळतं. तरी ‘लीथल वेपन’ लागला की मी रिमोट बाजूला ठेवून बसतो. त्याचा दुसरा भाग लागला, तर चहा टाकायला उठतो आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून उभ्याउभ्याच बघत राहतो. आवडतात दोन्ही, पण एक बसून बघण्याचा आहे आणि दुसरा उभ्याने.

पहिला 1987 चा, दुसरा 1989 चा. दिग्दर्शक तोच, रिचर्ड डॉनर. डोक्यावर पडलेला पोलीस रिग्ज म्हणजे मेल गिब्सन, संसारी मर्टॉ म्हणजे डॅनी ग्लोव्हर. पहिल्यात मर्टॉची ओळख होते ती बाथटबमध्ये. साहेब पन्नाशीचे झालेत आणि अख्खं घर केक घेऊन थेट न्हाणीघरात घुसतं. तिकडे रिग्ज समुद्रकाठच्या ट्रेलरमध्ये कुत्र्याला घेऊन एकटा. बायको मोटार अपघातात गेलेली. जगण्यात त्याला रस उरलेला नाही, म्हणून तो कशालाच भीत नाही. त्याचा वेडेपणा बघून आपण हसतो खरे, पण जरा चाचरतच, कारण हा माणूस खरोखरच काही करून बसेल अशी धास्ती असते. मर्टॉलाही तीच धास्ती. मग तो त्याला घरी जेवायला नेतो. बायकोच्या स्वयंपाकाबद्दल घरात कोणाचंच मत बरं नाही, पण रिग्ज निमूटपणे जेवतो. सिनेमा मला तिथे जिंकतो, गोळीबारात नव्हे.

दुसऱ्या भागात ही धास्तीच संपलेली आहे. रिग्ज आता मर्टॉच्या घरचाच झालाय, कपडेसुद्धा तिथेच धुवायला टाकतो. सिनेमा सुरू होतो तोच भरधाव पाठलागाने, आणि त्यात मर्टॉच्या बायकोच्या गाडीचा खुळखुळा होतो. त्यात भर म्हणून ज्यो पेशीचा लिओ गेट्झ येतो, या दोघांनी सांभाळायचा साक्षीदार, सारखं ‘ओके, ओके, ओके’ करणारा. मला तो आवडतो, पण तासाभराने त्याला गाडीतून उतरवावंसं वाटतं. खलनायक मात्र फर्मास आहेत. वर्णभेदाच्या काळातले दक्षिण आफ्रिकी राजनैतिक अधिकारी, परक्या देशात खुशाल गुन्हे करतात आणि कायद्यासमोर राजनैतिक संरक्षणाची ढाल धरतात. पहिल्यातल्या हेरॉइनवाल्या माजी सैनिकांपेक्षा यांचा राग कितीतरी जास्त येतो.

आणि तो कमोडचा प्रसंग! मर्टॉ रात्रभर कमोडवर बसून आहे, कारण उठला तर बॉम्ब फुटणार. पाय बधिर झालेत. जीव जाण्याइतकीच काळजी आहे ती लोकांनी या अवस्थेत बघण्याची. रिग्जने गुपचूप मदत मागवायची असते, आणि बाहेर सगळा लवाजमा हजर होतो. वेळ येते तेव्हा रिग्ज बाहेर पळत नाही. मित्राला ओढून टबमध्ये झोकून देतो. ज्या टबमध्ये पहिल्या भागाचा केक आला होता, त्याच जातीच्या टबात ही मैत्री पक्की होते. एवढ्या एका प्रसंगापुरता दुसरा भाग पहिल्याच्या वर जातो, असं मी भांडून सांगेन.

माझी तक्रार दुसरीच आहे. दुसऱ्या भागात उत्तरार्धात कळतं की रिग्जच्या बायकोचा अपघात हा अपघात नव्हताच, याच टोळीने केलेला खून होता. झालं! पहिल्या भागात त्या मरणाला गुन्हेगार नव्हता, म्हणून रिग्जला ते झेपत नव्हतं. कोणाची गचांडी धरणार? इथे लेखकाने ती हाती आणून दिली. आता दुःख करत बसायचं कारण नाही, सूड घ्या. रिग्ज पिकअप गाडीने डोंगरउतारावरचं खांबांवरचं आख्खं घर खाली खेचतो. बघायला झकास, शिट्ट्या मारण्याजोगं. पण पहिल्यातला तो टेबलाशी निमूट जेवणारा माणूस कुठेतरी हरवलाच.

पहिल्या भागाचा लेखक शेन ब्लॅक याने दुसऱ्याच्या मसुद्यात रिग्जला चक्क मारून टाकलं होतं. निर्मात्यांना ते मानवलं नाही आणि कथा हलकी करून घेतली गेली. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच, मेलेला नायक तिसऱ्या भागात कुठून आणणार? तिसरा आला 1992 मध्ये आणि चौथा 1998 मध्ये. ‘हे आता आपलं वय राहिलं नाही’ असं पन्नाशीत कुरकुरणारा मर्टॉ चौथ्यातही धावतोच आहे, आणि त्यातच आजोबाही होतो.