हॅवलॉकचे किनारे

आज दिवसभर अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर नुसते किनारे हिंडलो. २०१८ पासून नाव स्वराज द्वीप, पण जेटीवर सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात.

राधानगरला २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. एवढं कौतुक ऐकलं की मला आधी शंकाच येते. पण खरंच तसा आहे! पिठीसारखी पांढरी वाळू, आणि आपल्याकडच्या सुरूच्या बनाऐवजी थेट घनदाट जंगल वाळूपर्यंत आलेलं.

एक सांगतो, घड्याळ आपलंच असलं तरी अंदमान पार पूर्वेला. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारी जेवून लोळलात की सूर्यास्त हुकलाच. सूर्योदयाला मात्र पूर्वेकडचा काला पत्थर. प्रवाळ पाहायचं तर एलिफंट बीच, बोटीने किंवा रानातून चालत. (शंख, प्रवाळ पिशवीत भरू नका, विमानतळावर तपासतात.)

उद्या नील बेट. लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत ओहोटीतच जाता येतं, म्हणून सगळा कार्यक्रम भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठरवलाय. आई सोबत आहे. तिथे साधं शाकाहारी जेवण कुठे बरं मिळतं, कुणाला माहीत आहे का?