ग्रासमधील काचेची तावदाने

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस आणि कान या शहरांविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे नाही. समुद्र निळा होता, गर्दी अफाट होती आणि साध्या कॉफीचे दरही धडकी भरवणारे होते. ग्रासविषयी मात्र लिहायलाच हवे. कानहून रेल्वेने निघाले की थोड्याच वेळात हे डोंगरउतारावरचे गाव येते. स्थानक खाली आणि जुने गाव बरेच वर असल्यामुळे, ऑगस्टच्या उन्हात ती चढण चढताना अत्तरांच्या या राजधानीत नाकाला पहिला वास येतो तो स्वतःच्या घामाचा.

मध्ययुगात ग्रासची ओळख कातडी कमावणारे गाव अशी होती. उमरावांच्या हातमोज्यांना कातड्याची दुर्गंधी येऊ नये म्हणून सोळाव्या शतकात ते सुगंधित करण्याची चाल पडली. पुढे कातड्याचा धंदा बसला आणि त्याच्या दिमतीला आलेला सुगंधच घरचा मालक झाला. कातडी कमावणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत, प्लास ओ झेर चौकात, आता कारंज्याजवळ उपाहारगृहांची टेबले मांडलेली असतात.

एका अत्तर कारखान्याची विनामूल्य फेरी घेतली आणि चिडलो. तांब्याची भांडी लखलखीत होती, पण त्यांच्याखाली कित्येक वर्षांत जाळ लागला नसावा. मार्गदर्शक बाईंनी आम्हाला दालनांतून अक्षरशः हाकत नेले आणि शेवटचे दार थेट दुकानात उघडले. तिथे मात्र कोणालाच घाई नव्हती. फुकटच्या पाहुणचाराची किंमत अशी साबणाच्या वड्यांतून वसूल होते.

राग शांत झाला तो 1989 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय अत्तर संग्रहालयात. मारी आंत्वानेत राणीच्या प्रवासी पेटीपुढे बरीच माणसे उभी होती; मी रेंगाळलो ते लाकडी चौकटींत बसवलेल्या काचेच्या तावदानांपुढे. गुलाबाचा अर्क ऊर्ध्वपातनाने निघतो. जाई आणि निशिगंध यांच्या सुगंधाला मात्र ती उष्णता सोसत नाही, उलट ही फुले खुडल्यावरही बराच वेळ दरवळत राहतात. म्हणून काचेवर शुद्ध केलेली चरबी थापायची, तिच्यावर एकेक फूल मांडायचे, फुले मलूल झाली की ती अलगद उचलून त्या जागी ताजी ठेवायची, आणि चरबी सुगंधाने भरून जाईपर्यंत हे आठवडेच्या आठवडे चालवायचे. मग अल्कोहोलने त्या चरबीतून सुगंध धुऊन घ्यायचा. हे बोटांचे काम मुख्यतः बायकांचे होते. आपल्याकडे उत्तर भारतात चमेलीचे तेल करताना तिळांच्या थरांत फुले मुरवत. युक्ती तीच, फक्त चरबीच्या जागी तीळ. रसायनांनी अर्क काढण्याची पद्धत आली आणि ही तावदाने मागे पडली. राणीच्या पेटीपेक्षा मला ती कितीतरी मौल्यवान वाटली.

याच संग्रहालयाची बाग जवळच्या मुआं-सार्तू गावात आहे. एरवी हारांत आणि फुलदाण्यांत भेटणारा निशिगंध तिथे वाफ्यात ताठ उभा होता. त्याच्या मिटलेल्या कळ्यांच्या टोकांवर फिकट गुलाबी झाक होती. जाई पहाटेपासून खुडावी लागते आणि किलोभर फुलांसाठी सुमारे 8000 फुले लागतात, हे कळल्यावर या भागातली फुलशेती का आटली याचे नवल वाटत नाही. जमिनींवर बंगले उठले आणि जाईचा बहुतेक अर्क आता इजिप्तमधून व आपल्या तमिळनाडूतून येतो. शनेल या फ्रेंच अत्तर-फॅशन कंपनीने 1987 मध्ये जवळच्या पेगोमास येथील एका शेतकरी कुटुंबाशी करार करून आपल्यापुरती फुले राखली. युनेस्कोने 2018 मध्ये इथल्या कौशल्याला वारशाचा मान दिला.

वेळ थोडा असेल तर कारखान्याची फेरी खुशाल गाळावी, बाग गाळू नये. ती उघडताच जावे, कारण ऊन चढले की जाईचा वास ओसरतो आणि परतीच्या बससाठी सावली नसलेल्या थांब्यावर तिष्ठत बसावे लागते.