पांढरीतली निळी खापरी

गेल्या जानेवारीत ठाणे जिल्ह्यातील एका छोट्या उत्खननावर मी अठरा दिवस स्वयंसेवक म्हणून काम केले. पहाटे नौपाड्यातून निघायचे, कल्याणपर्यंत लोकल आणि पुढे रिक्षा. त्या प्रवासाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

टेकाड दिसायला अगदी सामान्य होते. वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी, हा भेद आपल्या भाषेत पूर्वापार आहे. पण वस्तीची माती खरोखरच राखट-पांढुरकी असते, कारण चुलीतली राख, शेण, कुजलेले गवत आणि ढासळलेल्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात मिसळत गेलेल्या असतात, हे मला हातात खुरपे घेतल्यावरच उमगले.

आमचा खड्डा पाच मीटर लांब-रुंद होता. त्याच्या कडा ओळंबा लावून सरळ ठेवाव्या लागत, कारण मातीचे थर वाचायचे ते त्या उभ्या कडेवरच. खणण्यात मात्र फार थोडा वेळ जाई. घमेल्यातली माती चाळणे, खापऱ्या धुऊन वाळवणे आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरात क्रमांक घालणे, यातच दुपार सरे. बघायला येणारे गावकरी हमखास ‘सोने लागले का?’ असे विचारत. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असे सांगितले की त्यांचा उत्साह मावळे. त्यांना तरी दोष कसा द्यावा? सोपाऱ्याच्या स्तूपातून पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये जी दगडी पेटी बाहेर काढली, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक निघाले आणि सर्वांत आतला सोन्याचाच होता.

नवव्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. कडेलगत निळसर-हिरव्या झिलईची एक खापरी चमकली आणि मी ती उपसून घेतली. छायाचित्र नाही, खोलीची नोंद नाही. सरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी टेप माझ्या हाती दिला आणि खापरी नेमकी कुठे होती ते दाखवायला सांगितले. मला ते दाखवता येईना. दोन थरांची सांध नेमकी तिथूनच जात होती. खापरी खालच्या थरातली असती तर त्या थराचा काळ ठरवायला तिचा आधार मिळाला असता, आणि वरच्या थरातली असती तर नंतर कोणी खणलेल्या खड्ड्यातून किंवा उंदराच्या बिळातून ती तिथे आली का, हे आधी तपासावे लागले असते.

अशा झिलईची भांडी इराणी आखाताच्या बाजूने समुद्रमार्गे येत. संजाण आणि चौल येथील उत्खननांत ती मिळालेली आहेत. चिंचणीच्या शके ८४८ च्या, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे सोपवल्याचा उल्लेख आहे. मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. हा तपशील मी परीक्षेसाठी तोंडपाठ केला होता. त्याच व्यवहारातला वाटावा असा एक तुकडा हाती आला, तेव्हा त्याचा ठावठिकाणा मीच पुसून टाकला. पिशवीच्या चिठ्ठीवर खोलीच्या रकान्यात ‘अनिश्चित’ असे मीच लिहिले.

पुढचे दोन दिवस मी चाळणीवर बसून काढले. मला कोणी तिथे बसवले नव्हते, पण खड्ड्यात उतरण्याचा धीर होत नव्हता. तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर काम करणाऱ्या, गावातल्याच एका मावशींनी खड्ड्यातून हाक मारली, ‘ताई, इथं काहीतरी लागलंय. मी हात नाही लावला, आधी माप घ्या.’ ती साध्या तांबड्या मडक्याची काठाकडची खापरी होती. नोंदवहीत तिची खोली ८४ सेंटिमीटर आहे.