नुसतं नको म्हणून भागत नाही

मंगळवार, रात्री उशिरा

निर्णय झालाच नाही. सुनावणी पुढच्या महिन्यावर ढकलली. झोप येईना, म्हणून लिहायला बसले.

कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर गॅस स्टेशन, म्हणजे इथला अमेरिकेतला पेट्रोल पंप, यायचंय, चोवीस तास उघडं, सोबत दुकान. प्लॉट व्यापारी झोनमध्येच आहे, पण तिथे गॅस स्टेशन थेट बांधता येत नाही. जमीनवापराच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या स्थानिक झोनिंग बोर्डाची सशर्त परवानगी लागते. त्यामुळे सगळा थाट कोर्टाचा. उजवा हात वर करून शपथ घ्यायची, मग बोलायला तीन मिनिटं. माइकशेजारी हिरवा, पिवळा, लाल दिवा. लाल लागला की वाक्य तिथेच सोडून खाली बसायचं.

सुरुवातीचा बराच वेळ अर्जदाराच्या वकिलाने आणि ट्रॅफिक इंजिनियरने खाल्ला. इंजिनियर म्हणाला, गॅस भरायला येणाऱ्या बऱ्याचशा गाड्या आधीच त्या रस्त्यावरून जात असतात, फक्त आत वळतात, म्हणून नवी रहदारी थोडीच. मागे कोणीतरी खुसखुसलं. पण मुद्दा खरा आहे, मी तरी गॅस भरायला म्हणून वेगळी कधी बाहेर पडते? फक्त आत वळलेली गाडी बाहेरही पडणार, तीही सकाळी शाळेच्या बसच्या वेळेला डावं वळण घेऊन. त्याबद्दल तो काही बोलला नाही.

मग आमची, म्हणजे रहिवाशांची पाळी. घरांच्या किमती पडतील. रात्रीबेरात्री गोंधळ. 'कसले कसले लोक येतील.' कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाने 2021 मध्ये नव्या गॅस स्टेशनांवर बंदी घातली, आपणही घालू. टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी शांतपणे सांगितलं की असा नियम करणं नगरपरिषदेचं काम. हे बोर्ड आहे त्या नियमांत अर्ज बसतो की नाही, एवढंच बघतं.

माझ्या डोक्यात ते 'कसले कसले लोक' अडकलं. आमच्या मंदिराच्या वाढीव बांधकामाचा अर्ज ह्याच हॉलमध्ये आला होता, तेव्हा मी पलीकडच्या बाजूला बसले होते. ट्रॅफिक, आवाज, 'गावाचं रूप बिघडेल', तीच यादी. मोकळेपणाने बोलायचं नसलं की पार्किंगवर बोलायचं, हे त्या रात्री कळलं. 2000 साली इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, धार्मिक संस्थांना जमीनवापराच्या निर्णयांत संरक्षण देणारा कायदा केला, तो उगाच नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी काही शहरांनी कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठल्या गल्लीत राहायचं तेच नियम करून ठरवलं होतं. 1917 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. तेव्हा 'आम्हाला नको' ह्याला बोर्डापुढे वजन नाही, हे मला सोयीचंच आहे. आज ऐकताना चिडचिड झाली, तरीही.

सगळ्यांत कामाचं बोलले मागच्या गल्लीतले म्हातारे गृहस्थ. आवाज चढवला नाही. पहिला प्रश्न पाण्याचा, कारण आमच्या भागात घरोघरी विहिरीचं पाणी. जमिनीत पुरलेल्या इंधनाच्या टाक्यांच्या देशभरात आजवर पाच लाखांहून जास्त गळत्या सापडल्यात. वकील तत्परतेने म्हणाला, 2015 च्या संघीय नियमांनुसार नव्या टाक्यांना दुहेरी आवरण सक्तीचंच आहे. आजोबा म्हणाले, आवरण मान्य, पण भूजल कुठल्या दिशेने वाहतं ते सांगा. ते कोणी पाहिलेलंच नव्हतं.

दुसरा प्रश्न व्हेंट पाइपचा. टाकीतली वाफ ह्या उभ्या नळ्यांतून बाहेर पडते आणि तिच्यात बेंझीन असतं, कॅन्सरला कारण ठरणारं. दोन स्टेशनांवर प्रत्यक्ष मोजमाप करून 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरांपासूनच्या अंतराचे नियम ठरवताना जेवढी वाफ धरली होती, तिच्या दहापटीहून जास्त बाहेर पडत होती. आजोबांनी विचारलं, नळ्या कुठे आहेत? वकील नकाशे उलटत राहिला. शेवटी बोर्डावरच्या एका बाईंनी पर्समधून पट्टी काढली, नकाशावर ठेवली आणि वाचून दाखवलं: मागच्या कुंपणापासून बारा फूट. कुंपणापलीकडे कोणाचं तरी अंगण आहे, तिथे झोपाळा आहे. मी रोज बघते.

त्यावरच सुनावणी थांबली. भूजलाचा अहवाल आणा, नळ्यांची जागा बदलून दाखवा, छताखालचे दिवे घरांकडे चमकणार नाहीत असा आराखडा द्या.

पार्किंगमध्ये अर्जदार भेटले, गुजराती आहेत. ''बहेनजी, तुम्हीपण विरोधात?'' मी म्हटलं, ''नळ्या रस्त्याच्या बाजूला घ्या, मग बघू.'' ते कसनुसं हसले. घरी आल्यावर नवरा म्हणतो, म्हणजे तू त्यांना होच म्हणालीस. तसं नाही. पण तसं नाहीच, असंही नाही.

गुरुवारी प्लॅनिंग ऑफिसात जाऊन फाइल बघायची. डाव्या वळणाचा मुद्दा अजून कोणी नीट मांडलेला नाही, तो मी घेणार. टँकर आत वळायला किती जागा लागते, तेही नकाशावर मोजून बघायचंय. पट्टी न्यायला हवी.