चार हजारांसाठी कोर्टाची पायरी चढायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: नवऱ्यानं सोडलंय, दोन पोरं पदरात आहेत. तो इचलकरंजीत यंत्रमागावर आहे, आठवड्याचा पगार रोखीत घेतो. कोर्टात उभा राहिला की सांगणार, 'साहेब, मला कामच नाही.' मग महिन्याच्या तीन-चार हजारांच्या पोटगीसाठी तारखा करत बसण्यात अर्थ आहे का?

आहे. फक्त अर्ज आज करा, दिवाळीनंतर नको. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली 'रजनीश विरुद्ध नेहा' या निकालात सांगून ठेवलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. निकाल दीड वर्षाने लागला तरी हिशेब अर्ज दिला त्या दिवसापासून सुरू होतो. पाहुणे जमवून, पंच बसवून 'मिटतंय का बघू' म्हणत आठ महिने गेले, तर ते आठ महिने तुमच्या खिशातून गेले. बैठका घ्याव्यात की, पण अर्ज टाकून घ्याव्यात. मिटलं तर अर्ज मागे घेता येतो.

पोटगीचं पूर्वीचं, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालंय, 1 जुलै 2024 पासून. जुना आकडा सगळ्यांच्या तोंडात बसलाय, त्यानं काही बिघडत नाही. अर्ज नवऱ्याच्या गावालाच करायचा असंही नाही. तुम्ही माहेरी राहत असाल तर माहेरच्या हद्दीतल्या कोर्टात चालतो. चंदगड-आजऱ्याच्या बाईनं एसटीचा दिवस मोडून कोल्हापुरात यायची गरज नसते. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. बाई आणि मूल, दोघांनाही विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. कोल्हापुरात जिल्हा न्यायालयात, तालुक्याला तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा.

अर्जात मागणी एकगठ्ठा लिहू नका. 'मला व मुलांना दहा हजार' असं लिहिलं की मुलांचा आकडा त्यात बुडतो. तुमचे इतके, मोठीचे इतके, धाकट्याचे इतके, असं नावानिशी वेगळं मागा. कारण तुमचा हक्क वादात अडकू शकतो. तो म्हणणार, 'ती नांदायला तयार नाही, ती कमावते.' मुलांच्या हक्काला यातलं काही लागू होत नाही. आणि शंभराच्या स्टँपवर 'मुलांसाठी काही मागणार नाही' असं आईकडून लिहून घेतलेलं असेल, तर त्या कागदानं मुलांचा हक्क बुडत नाही. आईला तो सोडताच येत नाही.

आता खरी गोम, त्याचं उत्पन्न. 'काम नाही' हे म्हणणं कोर्टात फारसं टिकत नाही. धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना, बायकापोरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्येही पुन्हा बजावलंय. पण किती द्यायचं हे ठरायला काहीतरी कागद लागतो. रजनीश-नेहा निकालानं दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलंय, आणि त्याचे नमुने वेगवेगळे आहेत. शेतकऱ्याचा वेगळा आहे. आपल्याकडे हे विसरलं जातं. शहरी नोकरदाराचा नमुना भरून 'पगार: शून्य' लिहिलं की माणूस मोकळा. शेतीच्या नमुन्यात जमीन, पीक, म्हशी, कर्ज सगळं विचारलेलं असतं. नवऱ्याच्या घरी दोन एकर ऊस असेल तर वकिलाला तोच नमुना मागायला सांगा.

सोबत काय काय जोडायचं ते घर सोडतानाच डोक्यात असावं. सातबारा आणि आठ-अ कुणालाही ऑनलाइन मिळतो. ऊस कोणत्या कारखान्याला, कुणाच्या नावावर जातो ते लिहून ठेवा, कारण बऱ्याच घरांत तो सासऱ्याच्या नावावर असतो. दुधाचं तसंच. डेअरीचं खातं सासूच्या नावावर, बिल दर दहा दिवसांनी, धारा काढणारा मात्र हा. नाव वेगळं असलं तरी डेअरीचं पासबुक त्या घरात पैसा कुठून येतो ते सांगतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ठेकेदाराकडे असेल तर ठेकेदाराचं नाव लागतं, कारखान्याचं नाही. पीएफ त्याच्याच कोडवर भरला जातो. यंत्रमागवाल्याचं सगळ्यात अवघड, तिथे कुणाच्या कारखान्यात, कोणत्या पाळीत, किती मागांवर आहे इतकं तरी नक्की सांगता आलं पाहिजे. कोर्ट मालकाला पत्र पाठवू शकतं, पण पत्ता तुम्ही द्यायचा.

पत्त्यावरून आठवलं, निम्मी प्रकरणं इथेच कुजतात. नवऱ्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी ठरावी असं कायदा म्हणतो. पण नोटीस त्याला मिळायला तर हवी! घराचा, कामाचा, भावाचा, मिळतील तेवढे पत्ते आणि मोबाइल नंबर अर्जातच द्या.

आदेश झाला म्हणजे पैसे आले, असा समज असेल तर तो आधीच सोडा. माझ्या मते आपल्या धोरणातली सगळ्यात मोठी चूक हीच आहे: हुकूम कोर्टाचा, वसुली बाईची. तो देईनासा झाला की पुन्हा वेगळा वसुलीचा अर्ज करावा लागतो, आणि रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत. समजा मुलाला महिना 3,000 ठरले आणि पंधरा महिने दमडी आली नाही. पंधराव्या महिन्यात अर्ज केलात तर 45,000 मागता येणार नाहीत. सुरुवातीच्या तीन महिन्यांचे 9,000 या वाटेनं गेले. म्हणून दर सहा महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकायचा, त्यानं 'पुढच्या महिन्यात देतो' म्हटलं तरी. पैसे हातात घेऊ नका, खात्यावरच मागा. रोखीत दिलेले दोन हजार कोर्टात वीस हजार होतात. पोटगी थकवल्याबद्दल कैद झाली तरी थकबाकी फिटत नाही, हेही त्याला कुणीतरी सांगितलेलं बरं. पक्की नोकरी असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज जास्त कामाचा, कारण त्यात पगारातला हिस्सा थेट मालकाकडूनच तुम्हाला किंवा कोर्टात भरायला लावता येतो.

तोवर खायचं काय? संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्तेला महिना 1,500 आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1,750. दोन घरची धुणी-भांडी करणारी बाईसुद्धा यात बसत नाही. हा आकडा ज्यानं ठरवला त्यानं एकदा महाद्वार रोडवर पोरांना गणवेश घ्यायला जावं. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाखांची आहे, रक्कम तीच 1,500, मात्र दोन्ही मिळून घेता येत नाहीत. मुलांसाठी खरी कामाची आहे ती बालसंगोपन योजना: दर मुलामागे महिना 2,250. आईवडील विभक्त असले तरी मूल त्यात बसतं. दोन मुलांचे साडेचार हजार, म्हणजे बऱ्याच पोटगीच्या आदेशांपेक्षा जास्तच. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज, मग बालकल्याण समितीपुढे मुलासह हजर राहायचं. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आणि शाळेचा बोनाफाईड आधीच काढून ठेवा. पैसे दर महिन्याला येतील असं मात्र धरू नका, कधी चार-सहा महिन्यांचे एकदम जमा होतात.

आणि रेशन कार्ड. सासरच्या कार्डावरून तुमचं आणि मुलांचं नाव कमी करून तुमच्या नावानं वेगळं कार्ड, हे काम तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्जाच्याच आठवड्यात सुरू करा. उत्पन्नाचा दाखला काढतानाही ते उपयोगी पडतं. प्राधान्य गटात माणशी पाच किलो धान्य मिळतं. तुमची तीन नावं तिकडेच राहिली, तर तुमचं आणि पोरांचं पंधरा किलो दर महिन्याला त्याच्याच घरी उतरत राहतं.