लग्नाच्या कॅमेऱ्यातून सिनेमाकडे : आमची वाटचाल

२००५ साली मी मामाच्या फोटो स्टुडिओत कामाला लागलो. तेव्हा आमचा सगळा धंदा म्हणजे खांद्यावरचा एक कॅमेरा, दोन सनगन, म्हणजे हातात धरायचे प्रखर दिवे, आणि मिक्सिंगला, म्हणजे चित्रण जोडायला, एक संगणक. वाई आणि आसपासच्या गावांतली लग्नं, मुंजी, वास्तुशांती, डोहाळजेवणं. पहिली दोन वर्षं मी फक्त सनगन धरला. नवरा-नवरीच्या तोंडावर उजेड ठेवायचा, मंगलाष्टकं संपेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. दिवा इतका तापायचा की मनगटाची कातडी सोलवटायची.

पसरणीकडच्या एका लग्नात माझा उजेड नवरदेवाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या करवल्यावर गेला आणि तिथेच राहिला. मामा ओरडला, "अरे, नवरदेव इकडे आहे!" मांडवात हशा पिकला. मला घाम फुटला. मी बावीस वर्षांचा होतो. आपल्याला मुलगे आवडतात हे शाळेपासून माहीत होतं, पण ते असं शंभर माणसांसमोर उजेडात आलं होतं, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमचा चित्रपट त्या अर्ध्या मिनिटातून निघाला. तो पडद्यावर यायला वीस वर्षं लागली.

वाईला सिनेमा नवा नाही. 'गंगाजल' इथे झाला, 'स्वदेस'साठी मेणवलीचा घाट वापरला गेला. मुंबईची युनिटं यायची आणि दिवे, स्टँड, जनरेटर कमी पडला की आमच्याकडे माणूस पाठवायची. २००८ पासून आम्ही लाईट भाड्याने द्यायला लागलो. त्यातून पैसे सुटले, शिकायला त्याहून जास्त मिळालं. एका प्रसंगासाठी चार तास थांबणारी माणसं मी पहिल्यांदा तिथे पाहिली. लग्नात हार घालायचा क्षण चुकला तर पुन्हा घाला म्हणता येत नाही.

मावसभाऊ २०११ला भागीदार झाला. हिशोब, बुकिंग, वसुली त्याच्याकडे. कॅमेरा आणि मिक्सिंग माझ्याकडे. त्याला माझं सगळं ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमाखाली गुन्हा नाहीत, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २ जुलै २००९ला आला, तेव्हा मी तो वर्तमानपत्रात दोनदा वाचून घडी घालून ठेवला होता. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत लिहिलेलं मिळवून वाचलं. पुण्यात त्यांची समपथिक ट्रस्ट २००२ पासून काम करत होती हेही त्यातूनच कळलं. आपल्यासाठी 'बायल्या' सोडून दुसरे मराठी शब्द आहेत, हे कळायला मला पंचविशी ओलांडावी लागली. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या दिवशी मी एका हळदीचं मिक्सिंग करत होतो. शेजारी टीव्हीवर बातमी चालू होती, आणि हेडफोन न काढता मी रात्री दोनपर्यंत काम केलं. ६ सप्टेंबर २०१८ला ३७७ कलमातून आमची सुटका झाली, तेव्हा गणपती आठवड्यावर आले होते आणि दुकानात मंडळाची पोरं बॅनरचे फोटो काढून घ्यायला बसली होती. मी मागच्या खोलीत जाऊन रडलो.

पुढच्या वर्षी आईला सांगितलं. ती बराच वेळ गहू निवडत राहिली. मग म्हणाली, "सगळ्या गावाच्या लग्नात तू कॅमेरा धरतोस. तुझ्या लग्नात कोण धरणार, म्हणून मी मामाला आधीच सांगून ठेवलं होतं रे." तेवढंच बोलली. हे वाक्य मी चित्रपटात घेतलं आहे, तिला विचारून.

पटकथा टाळेबंदीत लिहिली. लग्नं बंद, कर्जाचे हप्ते चालू, हाताला काम नाही. सोळा वर्षांचा मुलगा, बापाची लग्नाची शूटिंग, मुलाच्या हातात सनगन. त्याला कळत जातं की आपण कोण आहोत, आणि ते कळत असताना तो रोज दुसऱ्यांच्या लग्नावर उजेड टाकतो आहे. त्यात मारझोड नाही, शेवटी कोणी मरतही नाही. आपल्यासारख्या मुलांचं पडद्यावर मरणंच होतं, याचा मला फार पूर्वीपासून राग आहे.

आमच्या धंद्यात आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. २०२३ला अधिक श्रावण आला. एरवी जावयाच्या अनारशांचा हा धोंड्याचा महिना आम्हाला हातात महिनाभर जादा देऊन गेला. चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि आम्ही एकतीस दिवसांत चित्रीकरण उरकलं. खर्च चोवीस लाख : अकरा लाख दुकानाची शिल्लक, आठ लाख मावसभावाने प्लॉट विकून घातले, पाच लाख मित्रांनी आणि ओळखीच्यांनी जमवले. कॅमेरे आमचेच, दिवे आमचेच. कलाकार सातारा-कोल्हापूरकडच्या हौशी रंगभूमीवरचे.

आवाज जागेवरच घ्यायचा ठरवला होता आणि तिथेच पावसाने गाठलं. घराच्या पत्र्यावर असा मारा व्हायचा की मुलगा आईशी बोलतो त्यातलं अक्षर ऐकू येईना. तीन दिवस वाया गेले. शेवटी आमच्या लाईटवाल्या पोराने मार्केट यार्डातून गोणपाटं आणली, पत्र्यावर दुहेरी अंथरली, वर जुने गालिचे टाकले. गोणपाट भिजलं की आवाज आणखी मऊ होतो. चित्रपटात त्या प्रसंगात पाऊस दुरून ऐकू येतो, तो त्या गोणपाटांमुळे. लग्नाच्या मांडवाचं दृश्य होतं तेव्हा गल्लीतल्या बायका आपापल्या पैठण्या नेसून आल्या. विषय काय आहे हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या आणि उखाणेही घेतले.

१७ ऑक्टोबर २०२३ला, नवरात्रात, समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. आम्ही तेव्हा मांडवाचंच दृश्य जोडत होतो. माझी आयुष्यभराची कमाई लग्नाची आहे आणि माझं लग्न कायद्यात नाही, हे मला त्या टेबलावर नीट समजलं.

जोडणी आमच्याच संगणकावर केली. लग्नाच्या मिक्सिंगची सवय मोडणं फार अवघड गेलं. जागा रिकामी दिसली की गाणं टाकायचं, चेहरा गोरा करायचा, हा हाताचा धर्म झालेला. सावळ्या मुलाचा सावळा चेहरा तसाच ठेवताना मला माझ्याच बोटांवर लक्ष ठेवावं लागलं. २०२४च्या नव्या नियमांनंतर आम्हाला सेन्सॉर बोर्डाचं 'यूए १६+' प्रमाणपत्र मिळालं. मुलाचं वय तेच असल्यामुळे मला त्याचं समाधान आहे.

वितरणात मात्र अडकलो. एका चित्रपटगृहाच्या मालकांनी ट्रेलर बघून "फॅमिली येत नाही हो" म्हणून परत पाठवलं. मग जानेवारी २०२५ला रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र यांची ही गोष्ट पुढे सप्टेंबरमध्ये चित्रपटगृहांतही लागली. त्या पारितोषिकाने आमच्या बोलण्याला वजन आलं. पूर्वी मला अर्धा तास समजावून सांगावं लागायचं. आता "तसा सिनेमा" एवढं म्हटलं तरी समोरचा ऐकून घेतो. त्या मंडळींचे मी मनापासून आभार मानतो.

आम्ही तरी चित्रपटगृहाची वाट पाहिली नाही. यंदा श्रावणात एक मंगल कार्यालय भाड्याने घेतलं, जिथे मी शंभराच्या वर लग्नं शूट केली आहेत. प्रोजेक्टर मांडला, पडदा बोहल्याच्या जागी. दोनशे चाळीस माणसं आली. त्यानंतर तीन बुकिंगं रद्द झाली, दोघांनी इसार परत मागितला, आम्ही त्याच दिवशी दिला. मावसभावाने वहीत तशी नोंद केली आणि पुढच्या पानावर नवीन आलेली दोन लिहिली. मामा पहिल्या रांगेत होता. सनगन करवल्यावर थांबतो ते दृश्य आलं तेव्हा त्याने माझ्याकडे मान वळवली आणि मग शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही.

आज आम्ही सहा जण आहोत, चार कॅमेरे आहेत, सालात चाळीसेक लग्नं होतात. चित्रपटाचे चोवीसपैकी साडेसहा लाख परत आले आहेत. मित्रांचे पाच आधी फेडले. पुढचा खेळ कराडला आहे, तुळशीच्या लग्नाच्या आत. नंतर मुहूर्त सुरू होतात.